व्हेपची बॅटरी गेली, कार्ट्रिज अजून भरलेली आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कार्ट (म्हणजे तेल भरलेली कार्ट्रिज) अर्ध्याहून जास्त भरलेली, पेनचं (म्हणजे ती जिच्यावर बसते त्या बॅटरीचं) बटण दाबलं तर काहीच नाही, ना लाइट ना वाफ. अशा वेळी बरेच जण पहिलं काय शोधतात, तर चार्जरची वायर कापून कार्ट कशी चालवायची. मला हे इतक्या वेळा विचारलं गेलंय की शेवटी सगळं एका जागी लिहून काढलं. माझं म्हणणं आधीच सांगतो, बॅटरी मेली असं वाटतं तेव्हा पुष्कळदा ती मेलेली नसतेच, कुठेतरी कॉन्टॅक्ट गेलेला असतो. आणि खरंच मेली असेल तर त्यावर उपाय एकच, दुसरी धड बॅटरी. मधला कुठलाच जुगाड करू नका, का करू नका ते खाली नीट सांगितलंय.

बॅटरी खरंच गेलीय की नाही हे कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी बटण भराभर पाच वेळा दाबा. हसू नका, बटणवाली बहुतेक पेनं पाच क्लिकला चालू आणि पाच क्लिकला बंद होतात, आणि खिशात किंवा बॅगेत दाबलं जाऊन पेन बंद झालेलं असतं हे लक्षातच येत नाही. त्यानं नाही झालं तर कार्ट काढून ठेवा आणि नुसती बॅटरी चार्जला लावा, अर्धा तास तरी. मग कार्ट न लावता बटण दाबा. लाइट लागला किंवा लुकलुकला तर आत जीव आहे आणि गडबड कार्टमध्ये किंवा जोडणीत आहे. दुसरी कुठली कार्ट हाताशी असेल तर ती लावून बघा, दुसरी चालली आणि तुमची नाही चालली तर बॅटरीला उगाच दोष देत होतो हे कळतं.

लाइट लागतो पण वाफ येत नाही, हे काय?

यात दोन गोष्टी असतात. एक म्हणजे कार्ट तुंबलीय. घट्ट तेल थंडीत अजून घट्ट होतं आणि वरच्या नळीत साचून बसतं, ओढलं तर हवाच येत नाही. ज्या पेनांना बटण नसतं, नुसतं ओढलं की चालू होतात, त्यांच्यात हवेचा सेन्सर असतो आणि हवा सरकलीच नाही तर सेन्सरला कळणार कसं, म्हणून ती पेनं मेल्यासारखी वाटतात. कार्ट पाच-दहा मिनिटं मुठीत धरून ठेवा, शरीराच्या उबेनं तेल सैल होतं. पेनला प्रीहीट (ओढायच्या आधी तेल हलकं गरम करणं) असेल, बऱ्याच पेनांत दोन क्लिक, तर ते वापरा. सुई आत खुपसत बसू नका, आत तेल तापवणारी सिरॅमिकची कॉइल असते, ती तडकते. जोर लावून ओढू पण नका, तेल तोंडात येतं.

दुसरी गोष्ट म्हणजे कॉन्टॅक्ट.

कॉन्टॅक्ट म्हणजे नक्की कुठे बघायचं?

बॅटरीच्या तोंडात टॉर्च मारून बघा. बाजूला आटे आहेत, ती निगेटिव्ह बाजू. बरोब्बर मध्ये एक छोटी गोल चकती दिसते ती पॉझिटिव्ह, आणि दोघांच्या मध्ये रबराची किंवा प्लॅस्टिकची बारीक रिंग. कार्टच्या बुडाला पण हेच, उलट बाजूनं. आपण कार्ट घट्ट बसावी म्हणून पिळत राहतो आणि दर वेळी ती मधली चकती केसभर आत दबते, असं करता करता एक दिवस दोन्ही पिना एकमेकींना टेकतच नाहीत. बॅटरी ठणठणीत, कार्ट ठणठणीत, मध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट.

करायचं असं: पेन पाच क्लिकनं बंद करा, लाकडी टूथपिकचं टोक चकतीच्या कडेखाली घाला आणि अगदी हलकेच वर उचला, इतकंच की ती जराशी वर आलेली डोळ्याला दिसेल. लोखंडी पिन किंवा सुरीचं टोक वापरायचं नाही, ते एकाच वेळी आट्याला आणि चकतीला टेकलं की शॉर्ट. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी ओली करून (टपटपती नको, पिळलेली) आटे आणि चकती पुसा, कार्टचं बूड पण पुसा. काडीवर तपकिरी चिकट थर येतो, ते गळून वाळलेलं तेल असतं आणि तेच करंट अडवत असतं. पूर्ण वाळू द्या, पाच-दहा मिनिटं, आणि मग कार्ट दोन बोटांनी फिरवून जिथे अडेल तिथे थांबा. त्यापुढे पिळू नका.

ज्यांच्या बॅटरीत कार्ट चुंबकाच्या रिंगनं बसते त्यांनी ती रिंग आहे ना ते बघावं. जुन्या कार्टला चिकटून ती रिंग कचऱ्यात जाते, हे मी स्वतः एकदा केलंय आणि मग दोन दिवस बॅटरीला शिव्या देत होतो.

लाइट ठरावीक वेळा लुकलुकतो, त्याचा अर्थ काय?

कंपनीनुसार बदलतं, त्यामुळे पेनसोबत आलेला कागद हाच खरा. ढोबळ सांगायचं तर दोन-तीन वेळा लुकलुक म्हणजे जोडणीत शॉर्ट किंवा कार्ट ओळखलीच नाही, आणि दहा-पंधरा वेळा लुकलुक म्हणजे चार्ज संपला. खूप वेळ ओढत राहिल्यावर लुकलुकून बंद झालं तर तो बिघाड नाही, बरीच पेनं आठ-दहा सेकंदांनी आपणहून कापतात.

चार्जिंगच होत नाहीये

आधी केबल बदला. टाइप-सी पोर्टवाल्या स्वस्त पेनांत एक हमखास भानगड असते, दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल लावली की चार्ज होतच नाही आणि एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल लावली की लगेच होतं. कारण असं की दोन्हीकडे सी असेल तर चार्जर आधी समोरच्या पोर्टमध्ये ठरावीक रेझिस्टर शोधतो, तो दिसला तरच करंट सोडतो, आणि पैसे वाचवायला तो रेझिस्टर पेनात टाकलेलाच नसतो. त्यामुळे जुनी साधी केबल लावून बघितल्याशिवाय बॅटरी फेकू नका.

पिळून लावायचा छोटा यूएसबी चार्जर असेल तर बॅटरी लावल्यावर त्याचा लाइट बदलला पाहिजे, साधारण हिरव्याचा लाल. हिरवाच राहिला तर टेकलंच नाहीये, वरचीच साफसफाई इथे पण करा. चार्जरही पेनसोबत आलेलाच वापरा, दिसायला सारखा असला म्हणून आतलं सर्किट सारखं असेलच असं नाही.

यूएसबी वायर कापून लाल-काळी तार कार्टला लावली तर चालते म्हणे?

हाच तो प्रश्न. वाफ येते, हो, आणि म्हणूनच लोक करतात. पण आकडे बघा म्हणजे कळेल काय चाललंय.

कार्टची कॉइल समजा १.४ ओहमची आहे. पेन तिला ३.२ व्होल्ट देतं तेव्हा करंट होतो साधारण २.३ अँपिअर आणि पॉवर साडेसात वॉटच्या आतबाहेर. कार्ट याच हिशोबानं बनवलेली असते. आता यूएसबीतून येतात ५ व्होल्ट. त्याच कॉइलला ५ व्होल्ट दिले तर साडेतीन अँपिअरच्या वर करंट आणि जवळपास १८ वॉट, म्हणजे अडीच पटीच्या घरात. तेल कॉइलपर्यंत झिरपायला जो वेळ लागतो तो मिळतच नाही, कॉइल कोरडी तापते, तेल उकळत नाही तर करपतं. करपलेल्या तेलातून फॉर्मल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलीनसारखे विषारी पदार्थ तयार होतात आणि ते थेट फुप्फुसात जातात.

हे झालं कार्टचं. दुसऱ्या टोकाला काय, तर कॉम्प्युटरचा जुना यूएसबी पोर्ट ०.५ अँपिअरसाठी असतो, नवा निळा पोर्ट ०.९ साठी. त्याच्याकडून साडेतीन मागायचे म्हणजे एकतर पोर्ट बंद पडणार नाहीतर मदरबोर्डला झळ लागणार. मोबाइलचा तगडा चार्जर किंवा पॉवर बँक असेल तर ती तेवढा करंट देऊ शकते, आणि ते जास्त वाईट, कारण मग त्या केसासारख्या बारीक तारांमधून तो करंट खरंच वाहतो. आणि आपण काय करत असतो, तर दोन उघड्या तारा बोटांनी धरून त्या नळीला तोंड लावलेलं असतं. तारा चुकून एकमेकींना टेकल्या की ठिणगी, आणि ती आपल्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर.

माझ्या मामेभावानं हे केलं होतं. तिसऱ्या झुरक्याला काचेच्या आतलं पांढरं सिरॅमिक आधी तपकिरी आणि मग काळंठिक्कर पडलं, तोंडात जळक्या प्लॅस्टिकची चव, आणि तारेचं आवरण बोटाला चिकटून वितळलं. अंगठ्यावर आणि तर्जनीवर फोड आले, कार्ट गेली ती गेलीच. मी समोर बसलो होतो आणि मी त्याला थांबवलं नाही याचं मला अजून वाईट वाटतं, तेव्हा मलाही वाटलं होतं की ५ व्होल्टनं काय होणार. म्हणूनच हे एवढं सविस्तर लिहितोय.

मग ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी? किंवा रिमोटचे दोन सेल जोडून?

९ व्होल्टवाली तर विचारूच नका, कागदावर ती सहा अँपिअरच्या वर ढकलू बघते, प्रत्यक्षात तिच्या आतल्या रेझिस्टन्समुळे तेवढं देत नाही पण ती स्वतः तापते. रिमोटचे दोन सेल मिळून ३ व्होल्ट होतात, आकडा बरोबर दिसतो म्हणून लोकांना हे सेफ वाटतं. पण ते सेल रिमोट नाहीतर घड्याळासारख्या कमी करंटच्या वस्तूंसाठी असतात, दोन अँपिअर मागितले की व्होल्टेज धप्पकन खाली येतं, तारा टेपनं चिकटवलेल्या, जोड सैल, तिथेच उष्णता. आणि तार टेकलेली राहिली तर कॉइल बंद करणारं मध्ये कुणीच नाही.

बॅटरी असं काय करते जे वायर करत नाही?

पेनमध्ये नुसता सेल नसतो, नखाएवढा एक सर्किट बोर्ड असतो आणि खरं काम तो करतो. सेल पूर्ण भरलेला असतो तेव्हा ४.२ व्होल्ट असतो आणि संपत येतो तसा ३ च्या आसपास उतरतो, बोर्ड त्यातून कॉइलला लागेल तेवढंच सोडतो. बटण अडकलं तर काही सेकंदांनी कापतो. शॉर्ट दिसला तर सुरूच करत नाही. सेल फार खाली जायच्या आत बंद करतो. तुमच्या पेनानं कार्ट चालवायला नकार दिला तर ते तुम्हाला काहीतरी सांगत असतं, आणि तार जोडून आपण नेमकं ते सांगणारंच काढून टाकतो.

डिस्पोजेबल व्हेप फोडून आतली बॅटरी काढली तर?

नको. आतला सेल पातळ आवरणाचा असतो, पकडीनं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं उघडताना त्याला टोक लागलं की आतले थर एकमेकांना टेकतात आणि काही सेकंदांत तो पेटू शकतो. कित्येकांत सेलला स्वतःचं संरक्षण नसतं, जे काही असतं ते सेन्सरच्या बोर्डात, आणि आपण तोच बाजूला काढतो. त्यातून निघणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू असू शकतो. अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाच्या अहवालात २००९ ते २०१६ मधल्या ई-सिगारेटच्या आगी आणि स्फोटांच्या १९५ घटना मोजल्या आहेत, त्यात १३३ जण जखमी झाले, आणि यातली बरीचशी उपकरणं कुणी फोडलेली नव्हती, ती खिशात होती नाहीतर हातात वापरात होती.

दुसऱ्याच्या पेनवर माझी कार्ट चालेल का?

बहुतेक चालेल, आणि हाच सगळ्यात सोपा आणि बरा मार्ग आहे. बाजारातल्या बऱ्याचशा कार्टला ५१० आटे असतात. म्हणजे ७ मिलिमीटर व्यास, दोन आट्यांत अर्धा मिलिमीटर, असे १० आटे ५ मिलिमीटरमध्ये, म्हणून ५१० असं सांगतात. हा आकार सुरुवातीच्या एका ई-सिगारेट मॉडेलवरून आला आणि टिकला, त्यामुळे एका कंपनीची कार्ट दुसऱ्या कंपनीच्या पेनवर बसते. तीन गोष्टी बघा: आटे ५१० आहेत का, कार्टची जाडी मावते का (खोबणीत बसणाऱ्या बॅटरीत जाड कार्ट अडकते), आणि व्होल्टेज बदलता येतं का. कुणाचं पेन घेतलं तर तुमचीच कार्ट आणि तुमचंच तोंडाचं टोक, उष्टं नको.

पॉडवाली कार्ट आहे, तिला आटेच नाहीत

मग ती त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलवर चालते, बाकी कशावर नाही. पत्र्याचे दोन कॉन्टॅक्ट आणि चुंबक असतात, आकार प्रत्येकाचा वेगळा. बॉडी नवीन घ्यावी लागेल.

बॉक्स मॉडवर लावू का?

बॉक्स मॉड म्हणजे वॉट बदलता येणारं मोठं व्हेप. लावता येते, फक्त मॉड ८०, १००, २०० वॉटपर्यंत जातो आणि त्यावर आधी लावलेल्या टँकचं (मोठ्या टाकीचं) सेटिंग तसंच राहिलेलं असतं हे विसरू नका. कार्ट लावायच्या आधी वॉट कमीत कमीवर आणा, साधारण ५, तिथून अर्ध्या-अर्ध्या वॉटनं वर या, आठच्या पुढे जायची सहसा गरज पडत नाही. टेम्परेचर कंट्रोल बंद हवं, साधा वॉट मोड, कारण या कॉइलच्या धातूचा रेझिस्टन्स तापल्यावर फारसा बदलत नाही आणि मॉडला तापमान कळतच नाही. मॉडमध्ये सुटे सेल असतील तर त्यांचं वरचं प्लॅस्टिक फाटलेलं नाही ना ते बघा, आणि सुटे सेल किल्ल्यांसोबत खिशात कधीच टाकू नका.

व्होल्टेज किती ठेवायचं?

कमीपासून सुरू. २.४ ते २.८ ला चव येते का बघा, नाही आली तर ३.२ पर्यंत. घसा जळला, करपट लागलं, लगेच खाली. ३.८ किंवा ४ ला लोक ढग मोठा येतो म्हणून चालवतात आणि कार्ट अर्ध्यात जाळतात.

नवी बॅटरी एका चार्जमध्ये किती चालते?

३५० एमएएचचा सेल २.३ अँपिअरनं सलग नऊ मिनिटं चालतो, म्हणजे तीन-तीन सेकंदांचे झुरके धरले तर कागदावर १८० च्या आसपास, प्रत्यक्षात कमीच. तीनेकशे चार्जिंगनंतर क्षमता उतरू लागते, तेव्हा दोन वर्षं जुनं पेन अर्ध्या दिवसात संपत असेल तर ते बिघडलं नाहीये, म्हातारं झालंय.

वर्षभर ड्रॉवरमध्ये पडलेली बॅटरी जागी करता येईल का?

एकदा मूळ चार्जरवर समोर बसून लावून बघा. लाइट आला तर ठीक. नाही आला तर तिथेच सोडा. सेल फार खाली गेला की आतलं तांबं विरघळायला लागतं आणि परत चार्ज करताना ते भलत्या जागी जमा होऊन आतल्या आत शॉर्ट करतं. दुसऱ्या बॅटरीनं झटका देऊन उठवायचे व्हिडिओ असतात, ते बघून करू नका, कारण ती उठते, आणि नंतर रात्री चार्जिंगला असताना काय करेल ते कुणी सांगू शकत नाही.

बॅटरी फुगलीय, किंवा गरम होतेय, किंवा गोडसर वास येतोय

चार्जिंग बंद, वापर बंद, लगेच. हाताला सहन होतंय तोवर ती बाहेर, जळणाऱ्या गोष्टींपासून लांब, फरशीवर किंवा मातीवर ठेवा. सूं सूं आवाज किंवा धूर सुरू झाला असेल तर हात लावू नका, सगळ्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला फोन करा. शांत झालेली किंवा साधी मेलेली बॅटरी घरच्या कचऱ्यात टाकायची नाही, टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचरा घेतात तिथे द्यायची.

कार्ट कुणीतरी दिलीय, डब्यावर काही लिहिलेलं नाही, चांगली बॅटरी घेऊ का?

बॅटरी घेण्याआधी कार्टच टाकून द्या असं मी म्हणेन. २०१९ मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसांना गंभीर इजा होण्याची लाट आली होती, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण हॉस्पिटलात दाखल झालेले किंवा मेलेले नोंदले गेले, त्यातले ६८ मृत्यू. मुख्य संशय ठरला तो व्हिटॅमिन ई अ‍ॅसिटेटवर, बेनामी कार्टमधलं तेल घट्ट दिसावं म्हणून ते मिसळलेलं होतं. बाहेरून बघून हे कळत नाही.

नवी बॅटरी येईपर्यंत कार्ट कशी ठेवायची?

पेनवरून काढून, उभी, तोंडाचं टोक वर, उन्हापासून लांब. आडवी ठेवली तर तेल हवेच्या भोकात उतरतं आणि नवी बॅटरी लावल्यावर पहिलाच झुरका तुंबलेला. फ्रिजमध्ये नको, तेल गोठल्यासारखं होतं. बुडाला टिश्यूचा तुकडा लावून एका छोट्या झाकणाच्या डबीत ठेवा आणि डबी लहान मुलांचा आणि कुत्र्या-मांजरांचा हात किंवा तोंड पोचणार नाही इतक्या वर, कारण निकोटिनच्या द्रवाचे थोडे थेंब पण लहान मुलाला फार होतात.